पाठ बिनचूक, सांधा चुकीचा

माझ्या बापाने ज्या कागदावर अंगठा उठवला, तो कागद त्याला आधी वाचून दाखवला होता. इंग्रजीत.

आमचं कार्ल्याजवळचं भाताचं खाचर सरकारी कामासाठी गेलं, त्याचा तो कागद. कारकून झरझर वाचत गेला. बाप मान डोलावत राहिला. शेवटी "समजलं ना?" असं विचारल्यावर "व्हय" म्हणाला. त्या एका "व्हय"पायी आमचं घर उठलं. बाप रेल्वेच्या खडीवर गेला. आई डोंगरावरचं गवत कापून लोणावळ्यातल्या टांगेवाल्यांना भारे घालू लागली. आदल्या वर्षी आमच्या घरात आंबेमोहोराचा वास होता, त्या वर्षी दोन्ही वेळा वरईची कांजी.

मला शाळेत घालताना बाप एवढंच म्हणाला, "पुन्यांदा कुनी असं वाचून दावलं तर तू मदी बोल."

त्यासाठी मी शिकलो. आमच्या भावकीत, आमच्या गावात, आसपासच्या चार वाड्यांत पहिला बी.ए. मी. हे मी अभिमानाने सांगतो. पण शिकलो कसा तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही.

मी सगळं पाठ केलं. इंग्रजी वाचनमाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मॅट्रिक त्यावरच झालो. पुण्याला कॉलेजात पहिल्याच वर्षी इंग्रजीच्या प्रोफेसरांनी एका धड्याबद्दल प्रश्न विचारला. मी उभा राहिलो आणि गाइडातली दोन पानं न अडखळता म्हणून दाखवली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाय रोट." वर्ग हसला. मला वाटलं, शाबासकी असेल. मग वर्ग का हसला?

ग्रंथालयात जाऊन मोठा कोश काढला. रोट म्हणजे अर्थाकडे न बघता, यंत्रासारखं, नुसतं पुन्हापुन्हा म्हणून केलेलं पाठांतर. मला असा राग आला की कोश मिटवेना. पुढचंही वाचलं. शब्द शेकडो वर्षांचा जुना. सुरुवातीला त्याचा अर्थ "रीत", "सवय" एवढाच. आला कुठून? कुणी म्हणतं, वाट या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून, म्हणजे रोज त्याच मळलेल्या वाटेने जाणं. कुणी म्हणतं, चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दातून, जागच्या जागी फिरत राहणारं. आणि शेवटी कोशवाल्यांनी कबूल केलेलं की पुरावा कशालाच नाही, मूळ अनिश्चित. एवढे सारे विद्वान, आणि घोकंपट्टीला जो शब्द वापरायचा तो आला कुठून हे एकालाही ठाऊक नाही. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकून म्हटला आणि पुढे ढकलला.

आपल्याकडे घोकणं म्हणतात. घोष, म्हणजे मोठ्याने म्हणणं, त्यातूनच हा शब्द आला असं आमचे शाळेतले शास्त्रीबुवा सांगत. पण पाठ असणं वेगळं आणि घोकलेलं असणं वेगळं. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या कितीतरी पाठ होत्या. कुठल्याही ओवीवर अडवून विचारा, ती अर्थ सांगे. एखादा शब्द पटला नाही तर बदलून म्हणे. घोकणाऱ्याला मधे अडवलं की तो पहिल्यापासून सुरुवात करतो. ही खूण लक्षात ठेवा.

बी.ए. झाल्यावर मला लोणावळ्याला रेल्वेच्या ट्रॅफिक ऑफिसात नोकरी लागली. हुद्दा रूल्स क्लार्क. घाटात तेव्हा विजेची इंजिनं नवी होती, पण रूलबुक जुनंच होतं आणि इंग्रजीत होतं. माझं काम म्हणजे खालच्या नोकरांच्या वार्षिक रूल परीक्षेच्या याद्या करणं आणि परीक्षेला साहेबाच्या शेजारी बसणं.

घाटातलं एक काम वाचकांना समजावून सांगतो. खंडाळ्यापासून खाली उतरताना उतार इतका आहे की गाडीचे ब्रेक सुटले तर ती कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून ठिकठिकाणी मेन लाइनीतून एक फाटा काढून तो डोंगराच्या चढावर नेलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. शेवटी वाळू टाकलेली असते. सुटलेली गाडी या फाट्यावर गेली की चढाने दमते आणि वाळूत रुतून थांबते. रूळ जिथे फुटतात तो सांधा. तो हलवणारा पॉइंट्समन, आपण सांधेवाला म्हणतो तो. आता महत्त्वाचं. हा सांधा कायम फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने सांध्याच्या अलीकडे पूर्ण उभं राहायचं, शिटी द्यायची, मग सांधेवाल्याने दांडी ओढून मेन लाइन द्यायची आणि बावटा दाखवायचा. उभी राहिली नाही तर दांडीला हात लावायचा नाही. ती सुटलेली आहे असं धरायचं आणि फाट्यावर जाऊ द्यायची.

एवढं एखाद्याला मराठीत सांगायला किती वेळ लागतो? तुम्ही आत्ता वाचलंत तेवढाच.

आमच्या ऑफिसात मात्र त्याला सहा महिने लागत. हेडक्लार्क सबनीस यांनी मालधक्क्यावर शिकवणी ठेवली होती. इंग्रजी रूल बालबोध लिपीत लिहिलेली एकेक चोपडी प्रत्येकाला दिलेली. दुपारी दहा-बारा सांधेवाले मांडी घालून बसत आणि पाढे म्हणावे तसे डुलत म्हणत, "पॉइंट्स शॅल ऑलवेज बी सेट फॉर द कॅच सायडिंग, अनलेस अँड अंटिल द ट्रेन हॅज कम टु अ डेड स्टँड..." अर्थ तोच, गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत सांधा फाट्याकडेच. सबनीस हातातल्या फूटपट्टीने ताल धरत. परीक्षेला साहेबाने रूलचा नंबर विचारायचा, माणसाने तो म्हणून दाखवायचा. पास.

त्या चोपड्या कुणी लिहिल्या होत्या? मी. अक्षर चांगलं म्हणून सबनीसांनी मला बसवून लिहवून घेतल्या. "अर्थही खाली लिहू का?" मी एकदा विचारलं.

"कशाला? अर्थ लिहिलात की ते अर्थ सांगत बसतील. साहेबाला रूल हवा, कीर्तन नको."

मी गप्प बसलो. बी.ए. झालेला मी, ज्याच्या बापाने "मदी बोल" म्हणून शाळेत घातलं तो मी, गप्प बसून चोपड्या लिहीत राहिलो. माझा सगळ्यात मोठा राग कशावर असेल तर तो यावर आहे.

शिकवणीत पहिला नंबर रघूचा. इंदुरीकडचा तरणाबांड गडी, गळा गोड, पाठांतर बिनचूक. त्याला वरच्या कॅच सायडिंगवर नेमलं. शेवटचा नंबर कायम कोंडाजीचा. हा खंडाळ्यामागच्या डोंगरवाडीचा, अंगाने काटकुळा, खालच्या कॅच सायडिंगवर सतरा वर्षं सांधेवाला. रूल म्हणून दाखवायची ही परीक्षा सुरू झाल्यापासून तो दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा नापास झाला की नोकरीतून कमी, असा नियम. नोकरी गेली की रेल्वेची खोलीही जाणार. पोटापुरती जमीन त्याच्या वाडीत कुणालाच नव्हती. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

मी त्याला म्हटलं, "आबा, सांध्याचा रूल तरी म्हणा."

"पायंट शाल..." एवढं म्हणून तो थांबला. "भाऊ, ही जीभ न्हाई वळत. तुमी मला कामाचं इचारा की. गाडीचं इचारा. ह्ये काय मंतर लावलंय?"

"परीक्षेत हेच विचारतात."

"मंग मी गेलोच म्हना की," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याने मला रात्रभर... जाऊ दे.

परीक्षेच्या चार दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास एक मालगाडी खंडाळ्याहून खाली निघाली आणि तिचा ब्रेक धरेना. ड्रायव्हर शिट्यांमागून शिट्या देत सुटला. वरच्या सायडिंगवर रघू होता. त्याने शिटी ऐकली. शिटी म्हणजे गाडी वाट मागते. त्याने दांडी ओढली आणि मेन लाइन दिली. वर बावटाही दाखवला. वेग अजून फार नव्हता. तिथेच फाट्यावर गेली असती तर वाळूत हलकेच रुतली असती. ती गेली सरळ खाली.

खाली कोंडाजी. गाडी बोगद्यातून बाहेर आली ती कोकलतच. ड्रायव्हर खिडकीबाहेर हात हलवत होता. कोंडाजी दांडीपासून दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. गाडी फाट्यावर चढली. पुढच्या दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, वाळूत कलंडल्या. मागे गार्डचा हात मोडला. मेलं कुणी नाही. कोंडाजीने मेन लाइन दिली असती तर गाडी थेट खालच्या स्टेशनात घुसली असती आणि तिथे त्या वेळी पॅसेंजर उभी होती.

तीन दिवसांनी चौकशी. ट्रॅफिक इन्स्पेक्टर हॅलोवे साहेब टेबलामागे, शेजारी सबनीस, बाजूला मी लिहायला. साहेबांचं बोलणं इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत देतो.

"याला रूल सतरा विचारा."

रघू हात जोडून उभा राहिला आणि रूल बारापासून सुरू झाला.

"सतरा," साहेब म्हणाले.

रघू थांबला, घाम पुसला आणि पुन्हा बारापासून सुरू झाला. चोपडीतलं प्रकरण तिथून सुरू होत होतं. सतरावर पोहोचायला त्याला दुसरी वाटच नव्हती. साहेब बोटं आपटत बसले. अखेर सतरा आला. सुरुवातीपासून अखेरपर्यंत, डेड स्टँडसकट, बिनचूक.

"याला रूल येतो," साहेब म्हणाले. "म्हणजे हा जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा आहे. काढून टाका."

सबनीसांनी मान डोलावली. "शिकवणीत पहिला होता, सर. आमच्याकडून काही कसूर नाही."

ती मान डोलावलेली मी पाहिली आणि माझा बाप आठवला. मी लेखणी ठेवली.

"साहेब, मला एक प्रश्न विचारायचा आहे."

"तुम्ही लिहा," सबनीस म्हणाले.

मी मराठीत विचारलं, "रघू, डेड स्टँड म्हणजे काय रे?"

रघूने माझ्याकडे पाहिलं, मग सबनीसांकडे. "त्ये रूलमदी हाय, साहेब."

"रूलमध्ये आहे ते माहीत आहे. अर्थ काय?"

"अर्थ..." त्याचा चेहरा रडवेला झाला. "अर्थ बी लागतो ह्ये कुनी सांगितलंच न्हाई, साहेब. म्या दुसऱ्याचं बघून दांडी मारायला शिकलो. शिटी झाली की मारत्यात, म्हून मारली."

मी शब्द न बदलता साहेबांना इंग्रजीत सांगितलं. हॅलोवे साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. रघूच्या नावापुढे लिहिलं होतं, "लर्न्ट बाय रोट."

तोच शब्द. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, हे त्याच्या नावापुढे लिहू नका. आमच्या नावापुढे लिहा. चोपडी मी लिहिली. घोकून घेतली हेडक्लार्कनी. पास केलं तुम्ही. तुम्हाला मराठी येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. मधे मी बसलो होतो दोन्ही येणारा, आणि मी तोंड उघडलं नाही. या खोलीत रूल न कळलेला माणूस तो एकटाच आहे. कळून गप्प बसलेले बाकीचे."

सबनीस उठलेच. "दोन बुकं शिकलास म्हणून जिभेला हाड राहिलं नाही का? बाप खडी फोडतोय तो याच कंपनीची!"

"फोडतोय. आणि तीच खडी तुमच्या गाडीखाली आहे."

"बसा, दोघेही," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "तुम्हाला काय हवं आहे?"

"उद्या परीक्षा आहे. कोंडाजी नापास होणार. परवा तुम्ही त्याला काढणार. ज्याने गाडी वाचवली त्याला."

"त्याने काय केलं?" साहेब म्हणाले. "रिपोर्टात काहीच नाही. सांधा आधीच फाट्याकडे होता. त्याने हात लावला नाही."

"तेच तर केलं, साहेब. ड्रायव्हर ओरडतोय, शिट्या वाजतायत, दांडी हाताशी आहे, आणि हात लावायचा नाही. रघूला ते जमलं नाही. कोंडाजीची परीक्षा सायडिंगवर घ्या. मराठीत. मी शब्दाला शब्द सांगतो. नापास झाला तर त्याच्याबरोबर माझंही नाव काढा."

हे मी शौर्याने म्हटलं नाही. रागात म्हटलं. घरी आईला कळलं तेव्हा तिने मला जेवायला वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॉलीने खालच्या सायडिंगवर गेलो. साहेब, सबनीस, मी. रघूलाही मी मागून घेतला होता. कोंडाजी धुतलेलं धोतर नेसून आला होता. साहेबाला बघून पुटपुटायला लागला, "पायंट शाल..."

"आबा, मंतर ठेवा बाजूला," मी म्हटलं. "साहेब कामाचं विचारणार आहेत."

"खरंच का?" त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

साहेबांनी विचारलं, गाडी उभी राहिली हे तू कशावरून ओळखतोस? माझ्या मनात आलं, सोपा प्रश्न. चाक थांबलं की उभी.

कोंडाजीने मान हलवली. "चाकाकडं बगायचंच न्हाई. पावसात, दवात, रूळ वले असले की बिरेकनं चाक थांबतंय आन् गाडी तशीच घसरत येती. चाक मुकं, गाडी चालूच. चाक बघनारा फसतो."

साहेब पुढे वाकले. "मग काय बघतोस?"

सांध्याजवळ जमिनीत एक करवंदीची काठी रोवलेली होती. कोंडाजी तिच्यामागे उकिडवा बसला. "ह्या काठीच्या शेंड्यावरून इंजनाचा एक खिळा धरायचा. काठी न्हाई हलत. खिळा शेंड्यावरनं सरकला की गाडी चालू. खिळा थितंच ऱ्हायला की दहा येळा दम घ्यायचा. तवर बी न्हाई हलला, मंग शिटी, मंग दांडी."

"दहा वेळा का?"

"उतारावर गाडी उभी ऱ्हाती आन् पुन्यांदा सुटती, साहेब. बिरेक दमतंय. मानूस दमतो तसं."

"आणि खिळा हललाच तर? ड्रायव्हर कितीही ओरडला तर?"

कोंडाजी उठला, दोन पावलं मागे गेला आणि हात पाठीशी बांधले. "मंग ह्ये असं. हात म्होरं ठिवला तर चुकून जातो दांडीकडं. मानूस हाय. वरडनाऱ्याची दया येती."

ते वाक्य मी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं.

हॅलोवे साहेब स्वतः काठीमागे उकिडवे बसले. खाली येणारी एक मालगाडी नेमकी सांध्याअलीकडे थांबत होती. त्यांनी काठीवरून पाहिलं. मग उठून गुडघे झटकले आणि सबनीसांना विचारलं, "हे रूलबुकात कुठे आहे?"

"नाही, सर."

"असायला हवं होतं," साहेब म्हणाले, आणि कोंडाजीच्या नावापुढे पास लिहिलं.

सबनीस परतीच्या ट्रॉलीवर माझ्याशी बोलले नाहीत. पुढची चार वर्षंही कामापलीकडे बोलले नाहीत. साहेबांसमोर उद्धटपणा केल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, तीही साहेबांनीच दिली. माझी बढती तीन वर्षं लांबली. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं.

रघूला काढलं नाही. त्याला तीन महिने कोंडाजीच्या हाताखाली ठेवलं. पहिल्या आठवड्यात तो मला स्टेशनवर भेटला. विचारलं, "काय शिकवतात आबा?"

"काय न्हाई. काठीमागं बसवत्यात आन् दम मोजायला लावत्यात. मधीच इचारत्यात, आता का न्हाई वढली दांडी? उत्तर न्हाई आलं तर भाकर न्हाई देत."

जुन्या चोपड्या मी गोळा करून ऑफिसमागच्या चुलीत घातल्या. नव्या लिहिल्या, मराठीत, माझ्याच अक्षरात, कोंडाजीच्या काठीसकट. पुढच्या वर्षापासून आमच्या सेक्शनच्या सांधेवाल्यांची परीक्षा सायडिंगवर आणि मराठीत होऊ लागली. साहेबाने कुठूनही विचारायचं, माणसाने तिथूनच उत्तर द्यायचं.

पहिल्याच वर्षी सहाजण नापास झाले. सबनीस म्हणाले, "बघा तुमच्या मराठीचा प्रताप!" मी म्हटलं, हे सहाजण आधीही नापासच होते, आपण त्यांना पास म्हणत होतो. सहाही जणांना काय येत नाही ते आता समजलं होतं. दोन महिन्यांत सगळे शिकले.

कोंडाजी त्याच सायडिंगवरून, त्याच खोलीतून, वयाप्रमाणे निवृत्त झाला. त्याला शेवटपर्यंत इंग्रजीचा एक रूल म्हणता आला नाही. त्याच्या जागी रघू आला. मी त्या ऑफिसात होतो तोपर्यंत त्या दोन सायडिंगांवर पुन्हा चुकीचा सांधा पडला नाही.